जुन्या मोटारसायकलचा पुढचा ड्रम काढून फेकण्याआधी

जुन्या मोटारसायकली चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर साधारण असा: ‘जुन्या गाडीचा पुढचा ड्रम ब्रेक मुळातच कुचकामी. त्याच्या सेटिंगमध्ये वेळ घालवू नका. नव्या गाडीचं डिस्कचं चाक बसवा, मोठ्या बोअरचा मास्टर सिलिंडर घ्या, स्टीलच्या जाळीचा होज लावा. दुपारभराचं काम. ब्रेक दुप्पट होतो, थांबण्याचं अंतर निम्म्यावर येतं.’

सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण ब्रेकच्या बाबतीत अर्धवट माहिती जिवावर बेतते, म्हणून यातला एकेक दावा नीट तपासायला हवा. आधी थोडी ओळख. ड्रम ब्रेकमध्ये चाकाच्या हबमधल्या (मधल्या भागातल्या) गोल पोकळीत, म्हणजे ड्रममध्ये, कॅम नावाचा तुकडा फिरून दोन अर्धगोल शू पसरवतो आणि ते ड्रमला आतून टेकतात. डिस्क ब्रेकमध्ये चाकासोबत फिरणारी चकती कॅलिपर नावाचा चिमटा पॅडने दाबतो. हँडलवरचा लिव्हर दाबला की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ब्रेक ऑइल होजमधून, म्हणजे नळीतून, कॅलिपरकडे ढकलतो. बोअर म्हणजे त्या सिलिंडरचा आतला व्यास.

‘ड्रम मुळातच कुचकामी.’ इटलीचा शर्यतपटू जाकोमो अगोस्तिनीने 1966 साली 500 सीसी गटाचं जगज्जेतेपद मिळवलं, ते ड्रम ब्रेकच्या एमव्ही अगुस्ता मोटारसायकलवर. त्या काळात ग्रां प्री शर्यतीतल्या गाड्या ड्रमवरच थांबत होत्या. ते ड्रम मोठे होते, हवा खेळती राहील असे होते आणि शर्यतीआधी त्यांच्यावर तासन्‌तास हात फिरलेला असे, हे खरं. पण तत्त्व तेच, जे तुमच्या गाडीच्या हबमध्ये आहे.

ड्रमला एक गुण जन्मजात आहे, जो डिस्कला नाही. ड्रम ज्या शूवरून कॅमकडच्या टोकाकडून खिळीकडे फिरतो तो लीडिंग शू, उलट असेल तो ट्रेलिंग. ड्रम फिरत असताना लीडिंग शू त्याला टेकला की घर्षणच त्या शूला ड्रमकडे आणखी घट्ट ओढतं. म्हणजे बोटांनी लावलेल्या जोरात ब्रेक स्वतःची भर घालतो. ट्रेलिंग शूचं उलट, त्याला ड्रम स्वतःपासून दूर ढकलतो. म्हणून 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन यांनी पुढे 8 इंची ड्रम आणि दोन्ही शू लीडिंग अशी रचना आणली. (याच कारणाने असा ब्रेक चढावर मागे घरंगळणारी गाडी नीट धरत नाही. उलट्या दिशेला दोन्ही शू ट्रेलिंग होतात. तो बिघाड नव्हे.)

मग इतक्या जुन्या गाड्यांचे ब्रेक लाकडासारखे का लागतात? बहुतेक वेळा शू ड्रमला पूर्ण टेकतच नाही. नवा लायनर (शूवरचा घासणारा थर) बाजारातून आणून बसवला, तरी त्याची गोलाई आणि तुमच्या झिजलेल्या ड्रमची गोलाई एक नसते. हे पाहायचं असेल तर लायनरवर खडूच्या रेघा ओढा, चाक जोडा, फिरवत फिरवत ब्रेक हलका लावा आणि उघडून बघा. खडू जिथे पुसला गेला तेवढाच तुमचा ब्रेक. पुष्कळदा तो मधोमध बोटभर पट्टा असतो, बाकी लायनरवरच्या रेघा जशाच्या तशा. शू ब्रेक प्लेटवर बसवून लेथवर ड्रमच्या मापाला घासून घेतले की हाच ब्रेक वेगळा वाटू लागतो. ड्रम अंडाकृती झाला असेल तर तोही लेथवर छिलावा लागतो, पण स्पोक ताणलेल्या, आउट (वाकडेपणा) काढलेल्या चाकासकट. सुटा हब छिलून मग स्पोक ताणले की ड्रम पुन्हा वाकडा होऊ शकतो. जुने लायनर उघडताना मात्र हवेच्या प्रेशरने धूळ उडवू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

यापुढचं काम पाना आणि धीर यांचं. चाक बसवताना अॅक्सलचा नट सैल ठेवा, चाक फिरवा, ब्रेक करकचून लावा आणि तो तसाच धरून नट आवळा. प्लेट आपोआप ड्रमच्या मध्यात बसते. दोन कॅमचा ब्रेक असेल तर त्यांना जोडणारी दांडी सोडवून दोन्ही शू ड्रमला एकाच क्षणी टेकतात का ते हाताने तपासा. एक आधी टेकला तर दुसरा नुसता सोबतीला. कॅम फिरवणारा आर्म आणि केबल यांच्यात ब्रेक लागलेल्या स्थितीत साधारण 90 अंशांचा कोन हवा. लायनर झिजत जातो, आपण नट आवळत जातो, आर्म त्या कोनापलीकडे जातो आणि ब्रेक दिवसेंदिवस मरतो. लोक दोष ड्रमला देतात. केबलचंही तसंच. बाहेरचं वेष्टण दबतं, आतली तार ताणते आणि बोटांचा निम्मा जोर तिथेच मुरतो.

हे सगळं केल्याशिवाय ड्रमला कुचकामी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

‘मोठ्या बोअरचा मास्टर सिलिंडर.’ हा दावा सरळसरळ उलटा आहे आणि सर्वांत जास्त फसवतो. लिव्हरवरचा जोर तोच असताना पिस्टन जितका लहान, तितका ऑइलचा दाब जास्त. 1970 च्या दशकातल्या नॉर्टन कमांडोच्या पुढच्या डिस्कबद्दल तक्रार हीच होती की लिव्हर दगडासारखा कडक आणि गाडी थांबत नाही. तिचा मास्टर सिलिंडर 5/8 इंचाचा, म्हणजे सुमारे 15.9 मिमीचा. त्यात बुश (आतून बसवायची नळी) घालून बोअर 13 मिमी करणं हा त्या गाडीवरचा प्रसिद्ध उपाय आहे. क्षेत्रफळ 198 चौरस मिमीवरून 133 वर येतं, म्हणजे त्याच बोटांत जवळपास दीडपट दाब. बदल्यात लिव्हरही दीडपट आत जातो. फुकट काहीच मिळत नाही. म्हणून लिव्हर मुठीला टेकायच्या आधी ब्रेक पूर्ण लागतो ना, हे पाहूनच माप ठरवायचं. कडक लिव्हर म्हणजे जोरदार ब्रेक हा समज डोक्यातून काढायला हवा.

‘जाळीचा होज लावला की ब्रेक वाढतो.’ जोर वाढत नाही. होज फुगत नाही म्हणून लिव्हर पोकळ लागत नाही, एवढंच. जुना रबरी होज मात्र बदलायलाच हवा, कारण तो आतून सुजतो, ऑइल परत येऊ देत नाही आणि ब्रेक लागलेलाच राहतो.

‘अंतर निम्म्यावर.’ गाडी शेवटी टायर थांबवतो. ताशी 60 किमीवरून, कोरड्या रस्त्यावर, चांगली पकड असताना थांबायला 18 मीटरच्या आसपास लागतात, त्यात ब्रेक लावायचं सुचेपर्यंतचं अंतर धरलेलं नाही. सेकंदभर उशीर झाला तर आणखी जवळपास 17 मीटर गेले. तुमचा ड्रम जर टायरला सरकण्याच्या सीमेवर नेत असेल, तर डिस्क त्या पहिल्या थांब्यात काही वाचवणार नाही. आणि टायर वर्षानुवर्षं जुना, कडक झालेला असेल, तर आधी खर्च तिथे करा.

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. वेग वाढला की उष्णता वर्गाने वाढते. ताशी 100 किमीवरून थांबताना 60 च्या पावणेतीन पटींहून जास्त ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून लांब जातो, लिव्हर आत जाऊ लागतो, लायनरची पकड घटते. डिस्क उघड्यावर असते, लवकर निवते. लांब घाटउतारावर, ओझं घेऊन, पुन्हापुन्हा ब्रेक लावताना डिस्कच सरस. पावसाचं तितकं सोपं नाही: त्या काळातल्या स्टेनलेस स्टीलच्या डिस्क ओल्या झाल्या की दचकवणाऱ्या होत्या.

‘दुपारभराचं काम.’ इथे मला खरी काळजी वाटते. 1969 च्या होंडा सीबी750 ला कारखान्यातूनच पुढे डिस्क आली, तेव्हा कॅलिपरचा ताण घेईल असा फोर्कही (पुढचं चाक धरणारे दोन पाय) सोबत आला. एका बाजूला कॅलिपर म्हणजे ब्रेकचा सगळा पीळ एका पायावर. त्यासाठी न घडवलेल्या फोर्कवर पट्ट्या वेल्ड करून कॅलिपर टांगू नका. नुसता जास्त ताकदीचा ड्रम लावतानाही ब्रेक प्लेट जिथे फोर्कला अडकते ती खाच किंवा तो टॉर्क आर्म आधी बघा. तो सुटला तर प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल गुंडाळते आणि पुढचं चाक जागीच जाम होतं. मग कोणी काही करू शकत नाही.

तेव्हा डिस्क लावायचीच असेल तर फोर्क, यॉक (फोर्कचे दोन पाय जोडणारे भाग), चाक, कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर एकाच गाडीचे घ्या, म्हणजे पिस्टनची मापं जुळलेली मिळतात. फोर्कची लांबी जुन्याशी ताडून पाहा, कारण त्यावर हँडलचा स्वभाव ठरतो. पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत येतं का ते दोरी लावून बघा. आणि नवे पॅड असोत की नवे शू, ते बसेपर्यंत मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात, मध्ये गार होऊ देत ब्रेक लावत राहा. रहदारीत गाडी त्यानंतरच न्या.