हे कुठल्या पब्लिकेशनचं?

गेल्या शनिवारी एका झेरॉक्सवाल्याने मला फिजिक्समध्ये नापास केलं. माझ्यामागे रांगेत सात-आठ पोरं उभी होती. कुणी हसलं नाही. उलट एक मुलगी म्हणाली, "जाऊ द्या ना दादा, काका आहेत ते." हे जास्त लागलं.

झालं असं की माझी मुलगी तापाने आडवी. एकशे दोन. सोमवारी चार विषयांच्या असाइनमेंट द्यायच्या आणि वर्गाच्या ग्रुपवर निरोप, 'तारीख वाढणार नाही', शेवटी हात जोडलेले. मी बीएस्सी, १९९६. तोंडातून निघून गेलं, "दे इकडे, मी बघतो." याच चार शब्दांपायी आमच्या घरातला एक मिक्सर आणि बाथरूमचा नळ गेलेला आहे, तरी ते निघतातच.

मुलीचा गृहपाठ बापाने लिहावा का, यावर आमच्या बिल्डिंगमध्ये दोन मतं पडतील. एकशे दोन तापात असलेल्या मुलीला दोन दिवस वाढवून देऊ नयेत का, यावर एकच पडेल. पण ते विचारायचं कुणाला?

आणि विषय तरी कसले. मुख्य फिजिक्स, मायनर संख्याशास्त्र, ओपन इलेक्टिव्ह म्हणून अर्थशास्त्र आणि कौशल्य म्हणून पायथन, म्हणजे कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायची भाषा. २०२०च्या नव्या शैक्षणिक धोरणाने ही मिसळ केली आहे. आमच्या वेळी सायन्सवाल्याने अर्थशास्त्राच्या पुस्तकाला हात लावला तरी घरचे विचारायचे, मार्क कमी पडले का रे? आता नियमानेच हात लावायचा आहे. कल्पना वाईट नाही. फक्त ती राबवताना शुक्रवारी रात्री साडेदहाला डायनिंग टेबलावर मी बसलेला असेन, हे कुणी धरलं नसावं.

पहिलंच गणित. एक माणूस ताशी ४० किमीने जातो, त्याच रस्त्याने ताशी ६० किमीने परत येतो, सरासरी वेग किती? मी ५० लिहून पान उलटलं. आतल्या खोलीतून घोगरा आवाज आला, "बाबा, अठ्ठेचाळीस." बरोबर होतं तिचं. हळू चालणारा भाग जास्त वेळ खातो, म्हणून सरासरी त्याच्याकडे झुकते. आम्ही ठाण्यात कासारवडवलीला राहतो. घोडबंदर रोडवर माझ्या आयुष्याचे किती तास हळू चालणाऱ्या भागाने खाल्ले आहेत, आणि मला हे तापातल्या पोरीकडून कळावं! (घोडबंदरला ताशी ६० ने परत येणारा माणूस मात्र मला एकदा बघायचा आहे. गणित रात्री दोनचं असणार.)

अर्थशास्त्राने त्याहून घोळ घातला. किंमत २० वरून २५ झाली, मागणी १०० वरून ८० वर आली, मागणीची लवचिकता काढा, म्हणजे किंमत हलली की मागणी किती हलते ते. वस्तूचं नाव 'एक्स' होतं, मी मनात वडापाव धरला. किंमत पाव पट चढली, मागणी एक पंचमांश उतरली, म्हणजे २० भागिले २५, ०.८. झालं. मग सहज उलटं करून बघितलं, २५ चा परत २० केला तर? मागणी ८० वरून १००, म्हणजे पाव पट वाढ, किंमत एक पंचमांश कमी. उत्तर १.२५. तोच वडापाव, तीच गाडी, जाताना ०.८ आणि येताना १.२५. दोन्ही टोकांची सरासरी पायाला धरली की बरोब्बर १ येतो. आणि गाडीवाल्याला विचाराल, तर शंभर विसे दोन हजार, ऐंशी पंचवीसे दोन हजार, गल्ला तेवढाच. म्हणजे १ हेच शहाणपणाचं. मी तिन्ही उत्तरं लिहिली, प्रत्येकाखाली कारण दिलं. शाळेत एवढ्या मनापासून कधी लिहिलं नव्हतं.

खरा घात दीड वाजता झाला. ८० मीटर उंचीवरून दगड सोडला, जमिनीवर यायला किती वेळ? कंसात सूचना : 'जी'ची योग्य किंमत घ्यावी.

योग्य! आता हा शब्द रात्री दीड वाजता माझ्यासमोर ठेवायचा नसतो. जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, आणि ते पृथ्वीवर सगळीकडे सारखं नाही. विषुववृत्तावर साधारण ९.७८, ध्रुवांवर ९.८३. पुस्तकात छापतात ते ९.८ किंवा ९.८१ म्हणजे १९०१ साली ठरवून घेतलेला ९.८०६६५ हा आकडा कापून छोटा केलेला. तो साधारण ४५ अंश अक्षांशाला शोभतो, म्हणजे फ्रान्सच्या आसपास. ठाणं एकोणीस अंशावर. इथे सूत्र लावलं की ९.७९ येतो. म्हणजे आयुष्यभर आम्ही इथले दगड फ्रान्सच्या हिशोबाने खाली टाकत होतो! माझी छाती भरून आली. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'ठाणे येथे जी = ९.७९', आणि खाली दोन रेघा मारल्या.

शनिवारी सकाळी गोखले रोडच्या आतल्या गल्लीतल्या त्या दुकानात गेलो. पहिलं पान छापून घ्यायचं होतं, एक प्रत घरी ठेवायला आणि स्पायरल. दुकान म्हणजे दोन मशीन, एक लॅमिनेशनचं, वर गणपती, त्याच्या बाजूला 'ब्लॅक बुक अर्जंट मिळेल'. दुकानदार माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. नाकावर घसरलेला चष्मा, डाव्या हाताशी ओला स्पंज. पोरं त्याला दादा म्हणतात. त्याने माझा गठ्ठा घेतला, स्पंजाला अंगठा लावला आणि पानं मोजायला लागला. मोजता मोजता थांबला.

"एफवाय?"

"हो. मुलीचं आहे."

"डिव्हिजन?"

"बी."

"बी म्हणजे मॅडम." पान त्याने माझ्याकडे फिरवलं. "इथे एनने भागलंय तुम्ही."

प्रमाण विचलनाचं गणित, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते. एन म्हणजे आकडे किती ती संख्या. पाच आकडे होते. ४, ८, ६, ५, ७. सरासरी ६, फरकांच्या वर्गांची बेरीज १०. पाचाने भागलं की २, चाराने भागलं की अडीच. त्याचं वर्गमूळ काढलं की प्रमाण विचलन एक तर १.४१, नाही तर १.५८.

"मॅडम एन वजा एकवाल्या," तो म्हणाला. "ए डिव्हिजनचे सर एनवाले. मागच्या वर्षी एक पोरगा ए मधून बी मध्ये गेला, फाइल जुनीच दिली, गेला ना बारा वाजून."

माझ्यातला बीएस्सी जागा झाला. मी म्हटलं, "अहो, असं सर-मॅडमवर नसतं ते. सगळेच्या सगळे आकडे हातात असतील तर एन. त्यातला नमुना घेतला असेल तर एन वजा एक. नमुन्याची सरासरी त्याच आकड्यांतून काढलेली असते, म्हणून फरक जरा कमीच दिसतात. ती कसर भरून काढायला एक वजा करायचा. बेसेल नावाचे जर्मन खगोलशास्त्रज्ञ होते, त्यांच्या नावाने आहे ही दुरुस्ती. १८३८ साली हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचं अंतर मोजलं त्यांनी!"

हे मी जरा मोठ्याने बोललो असावा, कारण लॅमिनेशनच्या मशीनपाशी उभा असलेला मुलगा वळला.

दादाने चष्मा वर सरकवला. "असतील. पण बी डिव्हिजनला मॅडम आहेत."

यावर काय बोलणार? शिवाय त्याचं म्हणणं वाटतं तितकं अडाणी नाही, हे मला आदल्या रात्रीच कळलं होतं. हेच पाच आकडे पायथनला दिले. त्यात तयार हिशोबांच्या लायब्रऱ्या असतात. नम्पाय नावाची लायब्ररी न सांगता एनने भागते, पांडाज नावाची न सांगता एन वजा एकने. एका कॉम्प्युटरमध्ये, एका स्क्रीनवर, दोन उत्तरं. म्हणजे तिथेही ए डिव्हिजन आणि बी डिव्हिजन आहेच.

तोवर तो अर्थशास्त्रावर गेला होता. आलेखाचं पान त्याने आडवं धरलं, उभं धरलं, परत आडवं धरलं.

"काका, किंमत उभी असते."

मी किंमत आडव्या अक्षावर घेतली होती. फिजिक्सची सवय. आपण जे बदलतो ते आडवं, जे त्यामुळे बदलतं ते उभं. अर्थशास्त्रात उलटं चालतं, आल्फ्रेड मार्शल या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञांनी १८९०च्या ग्रंथात पाडलेली वहिवाट. त्यांच्या डोक्यात कारण-परिणाम उलटा होता, पुढच्यांनी कारण बदललं आणि चित्र तसंच ठेवलं. हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण बेसेलचं काय झालं ते मी बघितलं होतं. गप्प बसलो.

"आणि उत्तरं तीन कशाला? एकाला मार्क, तिघांना शून्य. मॅडमना वाटणार, पोरीला येत नाही म्हणून सगळी लिहून ठेवली."

मग तो थांबला. मशीनच्या झाकणाखालून हिरवा उजेड एकदा इकडून तिकडे गेला. त्याने चष्मा काढला, पान नाकापाशी नेलं.

"नऊ पॉइंट सात नऊ? हे कुठल्या पब्लिकेशनचं?"

"पब्लिकेशनचं नाही. ठाण्याचं आहे."

"ठाण्याचं पब्लिकेशन?"

"ठाण्याचं गुरुत्वाकर्षण."

रांग एकदम शांत झाली. दादाने रांगेकडे बघितलं, रांगेने माझ्याकडे. तो ज्या आवाजात बोलला, त्या आवाजात लोक नात्यातल्या वेड्या माणसाला चहा विचारतात. "काका, नऊ पॉइंट आठ लिहा. प्रश्नाच्या सेटमध्ये नऊ पॉइंट आठ आहे. टीवायचे सर नऊ पॉइंट आठ एक मागतात, क्लासवाले दहा घेतात. सात नऊ मी वीस वर्षांत बघितला नाही."

"अहो, पण उत्तर तेच येतं. सात नऊने चार पॉइंट शून्य चार, आठने चार पॉइंट शून्य चार, आठ एकनेही तेच. करून बघा!"

"मग तर लिहूच नका. उत्तर कोण बघतं? पहिली ओळ बघतात, शेवटच्या ओळीखाली रेघ बघतात, सही."

त्यावेळी त्या मुलीने 'जाऊ द्या ना दादा' म्हटलं.

त्याने ड्रॉवरमधून एक गुळगुळीत झालेला गठ्ठा काढला. चारही विषयांचा सोडवलेला सेट, साठ रुपये. मी चाळला. पायथनच्या पानावर 'प्रिंट'पुढे कंसच नाही, आणि ७ भागिले २ चं उत्तर ३. हा पायथन टू. त्याचा सांभाळ करणं १ जानेवारी २०२०ला बंद झालं. नव्यात ७ भागिले २ म्हणजे साडेतीन, आणि कंस नसेल तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. मी विजयाने बोट ठेवलं, "हा प्रोग्रॅम चालणार नाही."

"चालवायचाय कुणाला? कागदावर आहे तो."

आणि खरंच, कागदावरच होता. प्रोग्रॅम हाताने लिहायचा असतो. पायथनमध्ये ओळ किती आत सरकली यावर अर्थ ठरतो, म्हणून मी रात्री चार-चार जागा मोजण्यासाठी पेन्सिलीने बारीक ठिपके दिले होते. तीन वाजता खोडरबरने ते पुसले. हे मी का केलं, कुणासाठी केलं, याचं उत्तर मला त्या दुकानात उभं राहून देता येईना.

मी विचारलं, "मग हे सगळं तपासतं कोण?"

"मॅडम बिचाऱ्या तासिकेवर आहेत," तो पिन मारत म्हणाला. "लेक्चरचे पैसे मिळतात, तेपण कधी मिळतील तेव्हा. फायली घरी नेतात. दोन पोरं आहेत त्यांना. इथेच येतात झेरॉक्सला."

म्हणजे रागवायची तीही सोय गेली. मला इतका वेळ मॅडमचा राग आला होता, तो आता कुठे ठेवू? फी वेळेवर घेतात, चार विषय लावतात, तारीख वाढत नाही, शिकवणाऱ्याला तासावर ठेवतात, शिकणाऱ्याने साठ रुपयांचा सेट उतरवायचा, त्यातलं ३ हे उत्तर दरवर्षी ३च राहायचं, आणि तापातल्या पोरीने सोमवारी कॉलेजला जायचं, कारण फाइल दुसऱ्याने आणलेली चालत नाही. माझी पानं पहिल्या ओळीपासून शेवटच्या रेघेपर्यंत वाचणारा जगात एकच माणूस निघाला, आणि तो बारावी कॉमर्स नापास. हे त्यानेच सांगितलं. "अकाउंट्समध्ये गेलो. बॅलन्स शीट जुळली नाही."

मी काउंटरवर उभ्याउभ्या तीन पानं पुन्हा लिहिली. एन वजा एक केला. किंमत उभी केली, लवचिकता १ ठेवली. ९.७९ खोडून ९.८ लिहिताना हात जरा थांबला, पण मागे रांग होती. सेट घेतला नाही. एवढा तरी मान राखला.

बिल सत्तेचाळीस झालं. पन्नास दिले. सुटे नव्हते. तीन रुपयांच्या तीन पेपरमिंटच्या गोळ्या हातावर आल्या. ही राउंडिंगची पद्धत कुठल्याच पुस्तकात नाही.

निघताना तो म्हणाला, "काका, अक्षर चांगलंय तुमचं. रागवू नका, पण पोरं पानाला आठ रुपये देतात लिहून द्यायचे. शनिवार-रविवार सुट्टी असते ना तुम्हाला?"

मी रागावलो. स्पष्ट सांगितलं की मी एका बऱ्या कंपनीत सिनियर एक्झिक्युटिव्ह आहे आणि माझी तत्त्वं आहेत. त्याने मान डोलावली आणि स्पायरल झाली की कळवायला म्हणून नंबर घेतला.

मुलगी सोमवारी क्रोसिन घेऊन गेली. फाइल दिली, सही मिळाली. पान उघडलं नाही कुणी. मी विचारलं, नऊ पॉइंट आठ बघितलं का? म्हणाली, "बाबा, वरून शिक्का मारतात."

काल रात्री जेवताना फोन वाजला. अनोळखी नंबर.

"नऊ पॉइंट सात नऊवाले काका ना? एक अर्जंट स्टॅट्सचा सेट आहे, बावीस पानं."

बायको वरण वाढत होती. मी उठून गॅलरीत गेलो, दार लोटलं.

"सर की मॅडम?" मी विचारलं.