आधी रंगमंच, मग स्टुडिओ

सांगली-मिरजेच्या बँडवाल्या पोरांचा वाद लंडनमध्ये बसूनही कानावर येतोच. एका सूत्रात ओवलेला चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा अल्बम करायचा, की महिन्याला एक गाणं सोडून रीलवर चालवायचं? एक गट म्हणतो, अख्खा अल्बम आता ऐकतंय कोण. दुसरा म्हणतो, पैसे साठवू आणि पुण्या-मुंबईत भारी स्टुडिओ धरू. मी अल्बमवाल्यांच्या बाजूचा आहे, पण पैसा आधी स्टुडिओत ओतायला माझा विरोध आहे.

या वादात पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम हमखास निघतो आणि लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओची करामत म्हणून सांगितला जातो. हे अर्धंच खरं. अल्बम आला मार्च १९७३ मध्ये; बँड तो सलग रंगमंचावर वाजवत होता जानेवारी १९७२ पासून. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या पहिल्या रात्री यंत्रांनी आणि विजेने दगा दिला, 'मनी' हे गाणं मध्येच थांबवावं लागलं. शेवटचं 'एक्लिप्स' तर लिहिलेलंच नव्हतं. सगळं ओळीने वाजवल्यावर शेवट लटकतोय हे उमगलं, मग ते आलं. 'ऑन द रन'च्या जागी तेव्हा गिटारचा तुकडा होता, सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर घडवणारं वाद्य, नंतरचं. स्टुडिओत गाणं सुटं सुटं ऐकलं जातं, तिथे असे दोष लपून राहतात. चाल चोरीला जाईल या भीतीने आधी न वाजवणाऱ्यांनी हेही ऐकावं: लंडनच्या रेनबो थिएटरमधलं चोरटं रेकॉर्डिंग अल्बमच्या आधीच विकलं गेलं, तरी अल्बमचं काही अडलं नाही.

स्टुडिओतली मेहनत अर्थात होतीच. 'मनी'च्या सुरुवातीचा नाणी, फाटणारा कागद आणि गल्ल्याचं यंत्र यांचा ठेका टेपच्या सात तुकड्यांचा आहे. पट्टीने मोजून सारखे कापलेले तुकडे चिकटवून त्यांचं कडं केलं आणि ते मशीनमधून फिरवत ठेवलं. एक तुकडा जरा लांब राहिला तर दर आवर्तनात तीच मात्रा अडखळणार. सात मात्रा म्हटल्यावर मिरजेचा तबलजी रूपक तालाकडेच जाईल, फक्त इथे वजन वेगळ्या जागी पडतं. आणि गिटारच्या सोलोला सात सोडून चार होतात.

आज अल्बम बिघडतो तो दोन गाण्यांच्या सांध्यांवर. मास्टरिंग, म्हणजे आवाजाची शेवटची जुळणी, सलग एका फाइलवर करा आणि गाणी नंतर कापा. एमपीथ्री करताना प्रत्येक तुकड्याच्या टोकांना शांततेची बारीक पट्टी चिकटते आणि दोन गाण्यांमध्ये खड्डा ऐकू येतो. म्हणून १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची वेव्ह (WAV) फाइलच द्या. आणखी एक: गाणं शफलमध्ये, म्हणजे उलटसुलट क्रमाने, आलं की स्पॉटिफाय त्याच्या आवाजाची पातळी एकट्याची जुळवतं, अल्बम सलग लावला तर सगळ्यांची मिळून. मुद्दाम हळू आवाजात ठेवलेला तुकडा शफलमध्ये अंगावर येतो तो त्यामुळे.

आणि पहिल्या आठवड्याचे आकडे बघून खचणाऱ्यांसाठी: 'द डार्क साइड ऑफ द मून' अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या अल्बम-यादीत पहिल्या क्रमांकावर एकच आठवडा होता. यादीत मात्र १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे.

परदेशात सगळं सोपं आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये नव्या बँडना उभं करणाऱ्या छोट्या जागा एकामागून एक बंद पडतायत. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हापासून पदांमधून कथा पुढे नेणं या गावाला नवं नाही. तीन तास नाटकाला बसणारा, मिरजेच्या उरुसात रात्र जागवून गाणं ऐकणारा श्रोता तिथे आहे. मला त्याचा खरंच हेवा वाटतो.

म्हणून स्टुडिओचे पैसे थोडे थांबवा आणि सहा महिने अख्खा अल्बम लोकांसमोर वाजवा. बावीसेक मिनिटांवर मध्यंतर घ्या. एलपीची, म्हणजे जुन्या मोठ्या तबकडीची, एक बाजूही साधारण तेवढीच असायची. प्रत्येक प्रयोग दोन माइकवर उतरवून घ्या, आणि लोक कुठे चुळबुळतात, कुठे मोबाइल बाहेर काढतात ते मिनिटासकट लिहून ठेवा. त्याच जागी लागोपाठ तीनदा चुळबुळ झाली, तर ते गाणं कितीही लाडकं असो, हलवा किंवा काढा.