अदृश्य होणं ही त्या अंगठीची किरकोळ बाजू

लेख आवडला, पण टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीतली ती अंगठी म्हणजे 'अदृश्य करणारं साधन', हे वाक्य खटकलं. सॉरॉन या खलनायकाने ती घडवली ती एल्फ या अमर लोकांच्या 3, बुटक्यांच्या 7 आणि माणसांच्या 9 अंगठ्यांवर हुकूम चालवायला, आणि त्यासाठी स्वतःची बरीचशी शक्ती तिच्यात ओतली. आजीच्या गोष्टीत राक्षसाचा जीव पोपटात असायचा ना, तसंच. अंगठी वितळली आणि तो संपला.

आमच्या गोव्यात गावाची राखण करणाऱ्या देवचार नावाच्या आत्म्याच्या हातात दांडा असतो. (माझी आजी तिन्हीसांजेला त्याचं नावही मोठ्याने घेत नसे.) पण दांडा काढून घेतला म्हणून देवचार नाहीसा होत नाही, बळ त्याचं स्वतःचं. सॉरॉनचं नेमकं उलटं झालं.

अंगठीची खरी ताकद, ती ज्याच्याकडे आलेली असते त्या फ्रोडोच्या घरातल्या प्रसंगात दिसते. जादूगार गॅन्डाल्फ अंगठी चुलाण्यात टाकतो, बाहेर काढतो तर ती थंडगार, आणि मग बारीक अक्षरं आगीसारखी उजळतात. त्यानंतर फ्रोडो ती फेकून द्यायचं मनाशी ठरवतो, हात उचलतो, आणि पाहतो तर अंगठी त्याने परत खिशात ठेवलेली असते.