हिनर्सचे ऑर्गन : कॅटलॉगवरून विकले, म्हणून तकलादू?

अमेरिकेतील जुन्या चर्च-वाद्यांची चर्चा निघाली की इलिनॉय राज्यातील पेकिन या गावच्या हिनर्स कंपनीबद्दल एक विधान हमखास पुढे येते : "मुळात हे रीड ऑर्गनवाले, त्यांनी कॅटलॉगवरून टपालाने पाइप ऑर्गन विकले, तोही एका साच्यातला तकलादू माल, आणि म्हणूनच कंपनी बुडाली." यातील कॅटलॉगची गोष्ट खरी आहे, तिच्या आधाराने काढलेले निष्कर्ष मात्र टिकत नाहीत.

जॉन एल. हिनर्स यांनी 1879 साली पेकिनमध्ये रीड ऑर्गनपासूनच सुरुवात केली. संगीत नाटकांच्या साथीला वाजणाऱ्या ऑर्गनप्रमाणे त्यात हवेच्या झोताने पितळी रीड थरथरतात, तर पाइप ऑर्गनमध्ये लाकडाच्या किंवा धातूच्या नळीतील हवेचा स्तंभ निनादतो. नळ्यांना आवाज देणे ही वेगळी विद्या आहे, हे मान्य. पण भाते, पट्ट्या आणि हवा न गळू देणारे लाकूडकाम दोन्हीकडे लागते, आणि हा हात अकरा वर्षे बसल्यावरच, 1890 मध्ये, कंपनीने पाइप ऑर्गन हाती घेतले. पूर्वीचा धंदा येथे उणीव ठरत नाही, उलट ती पूर्वतयारी होती.

कॅटलॉगमागे गिऱ्हाइकाची गरज होती. मध्य-पश्चिमेकडील शेतकरी वस्त्यांतील लहान चर्च-मंडळ्यांना, ज्यांत जर्मन स्थलांतरितांचा मोठा भरणा होता, मोठ्या शहरातील कारखान्याचे वाद्य परवडत नसे. हिनर्सने फिरते विक्रेते ठेवले नाहीत, इंग्रजीबरोबर जर्मन भाषेतही कॅटलॉग काढला आणि मोजके ठरावीक नमुने देऊ केले. किंमत उतरली ती यामुळे; त्यासाठी लाकडात किंवा जोडकामात काटकसर करणे ओघाने येत नाही.

तकलादूपणाचा आक्षेप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो, कारण तो वाद्य उघडून न पाहताच घेतला जातो. या लहान ऑर्गनांची रचना यांत्रिक आहे. पट्टी दाबली की लाकडाची बारीक, लांब काडी ओढली जाते, ती हवापेटीतील झडप उघडते आणि खुंटी ओढून जी नळ्यांची रांग मोकळी केलेली असेल तिच्यात हवा शिरते. भाता एका बाजूच्या दांड्याने हाताने भरत. वीज आल्यावर त्याच भात्याला विजेचा पंखा जोडता येतो, बाकी यंत्रणेला हात लावावा लागत नाही. त्यामुळे 'वीज आली आणि हे ऑर्गन निकामी झाले' हेही म्हणता येत नाही. पुढील काळातील विद्युत-वायवीय ऑर्गनांत, म्हणजे पट्टीचा इशारा विजेने जाऊन हवेच्या दाबाने झडप उघडणाऱ्या वाद्यांत, चामड्याचे असंख्य छोटे भाते असतात आणि चामडे कोरडे पडून फाटले की ते सगळे बदलावे लागतात. येथे तशा चामड्याचे काम मुख्यतः भात्यापुरते उरते, म्हणून गावातला सुतारही पुष्कळशी दुरुस्ती समजून घेऊ शकतो. हिनर्सचे अनेक ऑर्गन शतकानंतरही वाजतात, याचे मोठे कारण हेच आहे.

'एका साच्यातला' हा शब्द लहान नमुन्यांना काही अंशी लागू पडतो. चार-सहा रांगांच्या वाद्यात स्वरवैविध्य बेताचेच असणार, आणि ते मोठ्या मैफलीसाठी नव्हते. मात्र कंपनीने पुढे वायवीय यंत्रणेचे (काड्यांऐवजी हवेच्या दाबाने झडपा उघडणारे), एकाहून अधिक कीबोर्डांचे मोठे ऑर्गनही बांधले, ही बाजू सोयीस्करपणे गाळली जाते.

राहिला कंपनी बुडाल्याचा मुद्दा. 1906 साली हिनर्स वारले, तरी सुमारे 3000 पाइप ऑर्गन बनवून कंपनी 1930 च्या दशकापर्यंत चालली. त्या दशकात महामंदीने शेतकरी गिऱ्हाइकांचे कंबरडे मोडले होते आणि 1935 मध्ये हॅमंड कंपनीचा नळ्यांशिवाय वाजणारा स्वस्त विद्युत ऑर्गन बाजारात आला. तेव्हा ऑर्गन बांधणाऱ्या अनेक नामांकित कारखान्यांवरही पाळी आली होती. त्यांच्या पडझडीचे खापर कोणी त्यांच्या सुतारकामावर फोडत नाही.