‘पहिली स्की जितकी रुंद तितकी चांगली’: एका सल्ल्याचा प्रतिवाद

इंदूर, देवास आणि उज्जैनच्या मराठी कुटुंबांमध्ये गेल्या दोन हिवाळ्यांपासून एक संदेश सतत पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा: गुलमर्ग म्हणजे पावडर, म्हणजेच भुसभुशीत ताजा बर्फ, त्यामुळे स्वतःची पहिली स्की घ्यायची तर ती मध्यभागी किमान ११५ मिलिमीटर रुंद असावी, आपल्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर लांब असावी आणि पूर्णपणे रॉकर आकाराची, म्हणजे टोके वर उचललेली असावी, अशी स्की घट्ट बर्फावरही तितकीच चालते, अरुंद स्की नवशिक्यांसाठी असते, बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, कोणतीही चालते, आणि रुंद स्की असली की खोल बर्फात धोका उरत नाही. इंदूरमध्ये स्की हातात घेऊन पाहण्याची किंवा दोन दिवस वापरून परत करण्याची सोय नाही. म्हणून असा संदेश इथे केवळ सल्ला राहत नाही, तर त्याच्या आधारे थेट पैसे भरले जातात. माझ्याच ओळखीतल्या तीन घरांनी ते भरले आहेत. मी आठ हिवाळे गुलमर्गला जात आलो आहे, आणि या संदेशातील जवळजवळ प्रत्येक विधान अपुरे किंवा चुकीचे आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले विधान गुलमर्गच्या बर्फाविषयी आहे. गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे केबल कार, दोन टप्प्यांत चालतो: पहिला टप्पा सुमारे २,६५० मीटर उंचीवरच्या गुलमर्गहून कोंगडोरी या मधल्या स्थानकापर्यंत, आणि दुसरा तिथून अफरवट शिखराच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत. ज्या पावडरसाठी हे ठिकाण जगभर ओळखले जाते ती मुख्यतः दुसऱ्या टप्प्याच्या वरच्या उतारांवर आणि तिथून खाली जाणाऱ्या जंगलात मिळते. पण जोराची बर्फवृष्टी झाली की नेमका हाच टप्पा बंद ठेवला जातो आणि उतारांची पाहणी होईपर्यंत उघडत नाही. वारा वाढला तरीही तेच होते. त्यामुळे सहा दिवसांची सुट्टी काढून गेलेला माणूस त्यातले तीन-चार दिवस कोंगडोरीच्या खाली, यंत्राने दाबलेल्या किंवा शेकडो लोकांनी तुडवलेल्या बर्फावर असतो. शिवाय गुलमर्ग सुमारे ३४ अंश अक्षांशावर आहे, म्हणजे आल्प्सच्या तुलनेत बरेच दक्षिणेला. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात इथले ऊन कडक असते. दुपारी वरचा थर वितळतो, रात्री गोठतो आणि सकाळी त्यावर काचेसारखी पापडी धरलेली असते. ज्यांनी जानेवारी २०२४ मध्ये सुट्टी घेतली होती त्यांना तर हा प्रश्नच पडला नाही, कारण त्या महिन्याचा बहुतेक काळ गुलमर्ग जवळजवळ कोरडे होते. तेव्हा स्की निवडताना गुलमर्गचा लौकिक पाहण्यापेक्षा आपले पाय प्रत्यक्षात कोणत्या बर्फावर किती दिवस असतील, याचा हिशेब आधी मांडायला हवा.

आता रुंदी. या मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण संदेशाचा सगळा भर याच्यावर आहे आणि त्यात अर्धे सत्यही आहे. स्की भुसभुशीत बर्फावर तरंगते ती तिच्या तळाच्या क्षेत्रफळामुळे आणि वेगामुळे. पावसाळ्यात माळव्यातल्या शेतातून जाताना काळ्या मातीच्या चिखलावर फळी टाकतात, त्यामागे हेच तत्त्व आहे: वजन तेच, पण ते जास्त जागेवर पसरते. म्हणून रुंद स्की जास्त तरंगते, हे खरे. प्रश्न किती जास्त, हा आहे. स्कीची ‘रुंदी’ म्हणून जो आकडा सांगतात तो फक्त तिच्या कमरेचा, म्हणजे बुटाखालच्या सर्वांत अरुंद भागाचा असतो. पुढचे आणि मागचे टोक त्याहून रुंद असते. १०० मिमी कमरेच्या स्कीची सरासरी रुंदी साधारण ११४ मिमी धरली आणि ११५ मिमीच्या स्कीची १२५ मिमी धरली, तर लांबी सारखी असताना क्षेत्रफळातला फरक दहा टक्क्यांच्या आतबाहेर येतो.

त्याउलट वजनातला फरक पाहा. सामानासह ८५ किलो वजनाचा पुरुष ११५ मिमीच्या जोडीवर उभा राहिला आणि बर्फाला टेकणारी लांबी १७० सेंटिमीटर धरली, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे २० ग्रॅम भार येतो. सामानासह ६० किलो वजनाची स्त्री त्यापेक्षा दहा सेंटिमीटर आखूड आणि फक्त ९० मिमी कमरेच्या जोडीवर उभी राहिली, तर तोच आकडा १८ ग्रॅमच्या खाली राहतो. म्हणजे तथाकथित अरुंद स्कीवरची ती स्त्री रुंद स्कीवरच्या पुरुषापेक्षा कमी बुडते. असे असताना वजन न विचारता सर्वांना एकच आकडा सांगणारा सल्ला कोणाच्याही उपयोगाचा नाही. मला सर्वाधिक वाईट वाटले ते याचे, की तो संदेश वाचून एका ओळखीच्या कुटुंबाने आपल्या ५० किलोच्या मुलीसाठीही ११६ मिमीची जोडी मागवली.

‘अशी स्की घट्ट बर्फावरही तितकीच चालते’ हे विधान मात्र अर्धसत्यही नाही. घट्ट बर्फावर वळण घ्यायचे तर स्की कलती करून तिची पोलादी कड बर्फात रुतवावी लागते. अल्पाइन, म्हणजे उतारावर स्की करण्याच्या कडक बुटाचा तळवा पुढच्या बाजूस सुमारे ६९ मिमी रुंद असतो, म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूला साधारण साडेचौतीस मिमी. कंबर ७२ मिमी असेल तर कड जवळजवळ तळव्याच्या काठाखालीच येते. कंबर ११५ मिमी झाली की तीच कड तळव्याच्या बाहेर सुमारे २३ मिमी जाते. बर्फ कडेला जो दाब परत देतो तो आता पायाच्या खालून न येता बाजूने येतो, आणि स्की सपाट करू पाहणाऱ्या त्या जोराशी घोटा आणि गुडघा दिवसभर झुंजत राहतात. भुसभुशीत बर्फात हा प्रश्न येत नाही, कारण तिथे आधार एका कडेवर नसून संपूर्ण तळाला मिळतो. म्हणून ‘पावडरमध्ये छान वाटली’ या अनुभवावरून घट्ट बर्फावरच्या वागणुकीविषयी काहीच सिद्ध होत नाही. मी स्वतः एकदा मित्राची ११६ मिमीची जोडी घेऊन सलग दोन दिवस कोंगडोरीच्या गोठलेल्या उतारावर काढले आहेत. तिसऱ्या दिवशी सकाळी उजव्या गुडघ्याने पायऱ्या उतरू दिल्या नाहीत, आणि नेमका त्याच दिवशी दुसरा टप्पा उघडला. ज्याचे तंत्र पक्के आहे आणि मांड्यांत बळ आहे तो हे निभावून नेतो. पण जो पहिली स्की घेत आहे तो सहसा अजून वळण शिकत असतो, आणि एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला वेळ लावणारी स्की त्याला वळण सरकवायला शिकवते, कापायला नाही. ही सवय पुढे मोडायला फार कष्ट पडतात.

अरुंद स्की नवशिक्यांची असते, याचे उत्तर एका वाक्यात देता येते: विश्वचषकातील जायंट स्लॅलम या वळणांच्या शर्यतीचे स्पर्धक बाइंडिंगखाली ६५ मिमीच्या आसपास रुंद असलेल्या स्कीवर उतरतात, आणि त्यांना नवशिके म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

रॉकरविषयीचा गैरसमज थोडा खोलवरचा आहे, आणि तो समजून घेण्यासाठी या आकाराचा उगम आठवणे उपयोगी ठरते. सपाट जमिनीवर ठेवलेली जुनी स्की मधोमध किंचित उचललेली असते. तिला कॅम्बर म्हणतात. उभे राहिले की हा बाक दबतो आणि कडेच्या संपूर्ण लांबीवर दाब पसरतो. रॉकरमध्ये उलट असते: टोके आधीच वर उचललेली असतात, त्यामुळे ती बर्फाखाली घुसत नाहीत. शेन मॅकॉन्की या स्कीपटूने पाण्यावरच्या स्कीच्या आकारावरून ही कल्पना घेतली आणि व्होलांट कंपनीने या शतकाच्या सुरुवातीला ‘स्पॅच्युला’ ही स्की बाजारात आणली. ती संपूर्ण उलट्या बाकाची होती आणि तिचा मधला भाग टोकांपेक्षा रुंद होता. पण ती खोल बर्फासाठीच घडवलेली होती. घट्ट उतारावर कापून वळण्यासाठी नव्हती. त्यानंतर बहुतेक उत्पादकांनी तिच्यातला उपयोगी भाग तेवढा उचलला: पुढचे टोक रॉकर, मागे थोडा रॉकर किंवा सपाट शेपूट, आणि बुटाखाली कॅम्बर. सर्व प्रकारच्या बर्फावर चालणाऱ्या आजच्या बहुतेक स्की याच घडणीच्या आहेत. संदेशातला ‘पूर्ण रॉकर’चा आग्रह नेमका बुटाखालचा कॅम्बरच काढून टाकतो, म्हणजे सकाळच्या गोठलेल्या उतारावर ज्याच्या आधाराने थांबायचे तेच नाहीसे होते.

लांबीचा नियमही याच कारणाने कोसळतो. १८० सेंटिमीटरच्या स्कीचा पुढचा पाचवा आणि मागचा दहावा हिस्सा वर उचललेला असेल, तर घट्ट बर्फाला तिची १२६ सेंटिमीटरच लांबी टेकते. म्हणजे रॉकर किती आहे हे न सांगता ‘उंचीपेक्षा दहा जास्त’ म्हणणे निरर्थक आहे. शिवाय लांबी ठरते ती उंचीपेक्षा वजन आणि कौशल्य यांवर. पहिल्या जोडीसाठी उंचीइतकी किंवा तीन-चार सेंटिमीटर कमी लांबी मला योग्य वाटते. वजन जास्त आणि वेग अंगवळणी पडलेला असेल तर थोडी अधिक घ्यावी. अफरवटखालच्या जंगलात भूर्जवृक्ष आणि देवदारांमधून वळताना ते दहा सेंटिमीटर फार जाणवतात.

‘बाइंडिंग कोणतीही चालते’ हे विधान मला सर्वांत घातक वाटते. रुंदीची चूक झाली तर सुट्टी खराब होते, इथे चूक झाली तर पाय मोडतो. बाइंडिंगचे काम बूट धरून ठेवणे जेवढे आहे तेवढेच योग्य वेळी तो सोडणे हेही आहे. सुटण्याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून तक्त्याने ठरतो; मित्राचा आकडा आपल्याला चालत नाही. बुटांचे तळवेही एका प्रकारचे नसतात: जुना सपाट अल्पाइन तळवा, चालायला सोपा असा वळणदार रबरी ग्रिपवॉक तळवा आणि टूरिंगचा, म्हणजे स्कीवरून चढ चढण्याच्या बुटाचा तळवा यांची मानके वेगवेगळी आहेत. फक्त सपाट तळव्यासाठी बनवलेल्या बाइंडिंगमध्ये ग्रिपवॉक बूट कधी कधी अडकतो आणि बसल्यासारखा दिसतो, पण पडताना नीट सुटेलच याची खात्री राहत नाही. ब्रेकच्या दोन काड्यांमधले अंतर स्कीच्या कमरेपेक्षा थोडे जास्त, फार तर १५ मिमीपर्यंत जास्त असावे. कमी असेल तर ब्रेक खाली उतरत नाही, खूप जास्त असेल तर काडी वळणात बर्फाला लागते. आणि स्कीवर ‘४.१ × ९’ असे काही छापलेले असते, ते भोकाचा व्यास आणि खोली आहे. घरातल्या सुताराच्या ड्रिलने अंदाजे भोके पाडण्याचे हे काम नाही. एका घरी तसे झालेले मी पाहिले आहे आणि ती नवी जोडी तळातून फुगली.

सुरक्षिततेच्या दाव्याबद्दल संयमाने लिहिणे मला जड जाते. हिमस्खलन मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होते, आणि रुंद स्की माणसाला नेमके अशाच उतारांकडे नेते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटूंचा मृत्यू झाला. तिथे जाणाऱ्याजवळ ट्रान्ससीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा संदेश पकडणारे यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधण्याची लांब काठी) आणि फावडे असावे, ते वापरण्याचा सराव असावा आणि सोबत स्थानिक मार्गदर्शक असावा. स्कीच्या कमरेचा आकडा यातल्या एकाचीही जागा घेत नाही.

मग काय घ्यावे? माझ्या मते, पावडरमध्येही जायची इच्छा असलेल्या मध्यम वजनाच्या माणसाने पहिली जोडी ९६ ते १०४ मिमी कमरेची घ्यावी, साठ किलोच्या आतल्यांनी ८८ ते ९६ मिमीची. पुढे रॉकर, बुटाखाली कॅम्बर, आणि वळणाची त्रिज्या १६ ते १९ मीटर. त्याआधी पैसे बुटांवर खर्च करावेत, कारण बूट सैल असेल तर कोणतीच स्की ऐकत नाही. बाइंडिंगसह जोडी आणि बूट मिळून साधारण दहा किलो होतात. इंदूरहून दिल्लीमार्गे श्रीनगरला जाताना विमानात बहुधा १५ किलोच सामान चालते, तेव्हा दोन जोड्या नेण्याचा विचार व्यवहार्य नाही, आणि त्याची गरजही नाही. ११५ मिमीच्या स्की गुलमर्गच्या बाजारात भाड्याने मिळतात. खोल बर्फाचा दिवस उजाडला की त्या एका दिवसासाठी त्या घ्याव्यात.

ज्यांनी संदेश वाचून रुंद जोडी आधीच घेतली आहे त्यांनी ती तोट्यात विकण्याची घाई करू नये. पहिले तीन दिवस ८० ते ८५ मिमीची जोडी भाड्याने घेऊन कोंगडोरीच्या खाली वळणे पक्की करावीत, आपली रुंद जोडी खोलीत ठेवावी, आणि दुसरा टप्पा उघडल्याची बातमी आली की मगच ती बाहेर काढावी. पण बाइंडिंगची तपासणी मात्र निघण्याआधी, बूट सोबत नेऊन, जाणकाराकडून करून घ्यावी.