आंब्याची पेटी मोबाइलवर पास करू नका

जानेवारी सरला की रत्नागिरी-देवगडकडच्या डिझायनरच्या टेबलावर पेट्यांचं काम येऊन पडतं. आणि दरवर्षी तोच घोळ. स्क्रीनवर झळझळीत पिवळा हापूस, बागायतदार काका व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून मोकळे, आणि छापून येतो तो मातकट बटाटा. मग शिव्या छापणाऱ्याला. खरं तर चूक त्याच्याकडे फाइल जायच्या आधीच झालेली असते.

पुठ्ठ्याची पेटी म्हणजे तपकिरी क्राफ्ट कागद. छपाईची शाई पारदर्शक, त्यामुळे खालचा तपकिरी रंग पिवळ्यातून वर येतोच. पिवळा हवाच असेल तर वरचा कागद पांढरा घ्या किंवा ऑफसेट मशीनवर वेगळा छापलेला कागद पुठ्ठ्यावर चिकटवून घ्या. दोन्ही महाग. ते परवडत नसेल तर गडद हिरवा आणि काळा, एवढ्या दोन रंगांत पेटी करा. माझ्या मते दिसतेही तीच जास्त रुबाबदार, पण फळाचा फोटो नसला की काकांना चुकल्याचुकल्यासारखं होतं, त्याला इलाज नाही.

दोन रंग एकमेकांना अगदी खेटून ठेवू नका. प्रत्येक रंगाचा स्टिरिओ, म्हणजे छपाईचा रबरासारखा साचा, वेगळा असतो आणि पुठ्ठ्यावर छापताना एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतंच. मध्ये तीन मिलिमीटर मोकळी जागा सोडा, नाहीतर जाड काळ्या रेघेखाली जोड झाका. मोठा भरीव पट्टाही टाळा. आतल्या नागमोडी कागदाच्या रेघा त्यात उठून दिसतात, शिवाय छपाईच्या दाबाने पुठ्ठा चेपतो आणि थप्पीत तळाची पेटी बसते.

सगळ्यात जास्त मार खातं ते मराठी अक्षर. भरीव रंगात पांढरं नाव ठेवलं की शाई पसरते, ध-भ-घ यांच्या गाठी भरतात आणि अनुस्वार बुजतो. ‘आंबा’चा ‘आबा’ होतो! बारीक मजकूर सरळ गडद रंगात, जाड वळणात आणि १६ पॉइंटच्या वरच ठेवा. फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे मजकुराचे आकार बनवून द्या. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा फाँट समोरच्या मशीनवर नसला तर तिथे इंग्रजी अक्षरांचा काला उघडतो, आणि डिझाइनच्या जुन्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मजकुराची पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. कर्व्ह केल्यावर एकदा वाचा. पेटीवरचा नंबर आपल्या फोनवरून लावून बघा, काकांचाच फोन वाजला पाहिजे. त्या एका कॉलने स्टिरिओचा खर्च वाचतो.

आता जागेचं. नाव वरच्या झाकणावर मधोमध टाकायची हौस सगळ्यांनाच. तिथे नेमकी चिकटपट्टी येते. वाशीच्या मार्केटात पेट्या एकावर एक लागतात, तेव्हा दिसते ती फक्त बाजू. म्हणून बागेचं नाव, गाव आणि डझन बाजूवर, तेही हवेच्या भोकांना चुकवून. पेटीवाल्याकडून डायची रेघ, म्हणजे पेटी कुठे कापली-दुमडली जाते आणि भोकं कुठे येतात त्याचा आराखडा, आधी मागून घ्या. भोकं नंतर कळली की गणपतीच्या कपाळालाच भोक पडतं.

हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर असे पाच जिल्हे आहेत. पण बाग या जिल्ह्यांत आहे म्हणून जीआयचा शिक्का आपोआप लावता येत नाही. बागायतदाराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. प्रमाणपत्र बघितल्याशिवाय तो लोगो फाइलमध्ये घेऊ नका, मग समोर कितीही जवळचे दादा असोत.

पास करायची रीत सोपी आहे. रिकामी तपकिरी पेटी मागवा, बाजूचं डिझाइन खऱ्या मापात काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर काढून तिच्यावर चिकटवा, पेटी जमिनीवर ठेवा आणि दहा पावलं मागे जाऊन वाचा. रंगासाठी पेटीवाल्याच्या आधीच्या कामाचा, त्याच शाईचा तुकडा मागा. सही त्या प्रिंटवर घ्या, अंगठ्यावर नको. आणि हंगाम संपला की स्टिरिओ धुऊन, सपाट, अंधारात ठेवलाय ना ते विचारा. उन्हात राहिला तर पुढच्या वर्षी तडे गेलेले असतात.