ओरेगॅनो आणि तांदळाचं धुवण

सॅन होजेच्या आमच्या घरामागे सतरंजीएवढी बाग आहे. तिथे तुळस आणि मिरच्या गुण्यागोविंदाने नांदत होत्या. एप्रिलमध्ये बायकोला नर्सरीत ‘केंट ब्यूटी’ दिसली आणि शांतता भंगली.

हा शोभेचा ओरेगॅनो. फुलं इवलीशी, पण भोवतीच्या हिरव्या-गुलाबी पानांचे पदर एकाखाली एक असे लोंबतात, की रोप बोहल्यावर चढायला निघालंय असं वाटावं. मी त्याच रात्री चार पानं गुपचूप पिझ्झावर टाकली. त्यापेक्षा नर्सरीची पावती टाकली असती तर जास्त चव लागली असती.

नर्सरीवाल्या बाईंनी बजावलं होतं, ऊन भरपूर, पाणी बेताचं, खत तर नकोच. पूर्वज ग्रीस-तुर्कस्तानकडच्या खडकाळ डोंगरांतले, मुळाशी पाणी साचलेलं खपत नाही. आणि आमची माती म्हणजे काळी चिकण, कुंभाराने पाहिली तर चाक घेऊनच येईल. दोन शनिवार खणून मी तीत खडी मिसळली. रोप उभं राहिलं. मी आठवडाभर वाकलेलाच होतो. खणताना मुळासकट एक काडी निघाली, ती वैतागून एसीच्या मशीनमागे भिरकावली.

जूनमध्ये पुण्याहून आई आली. पान चुरगाळून हुंगलं आणि म्हणाली, “अरे, हा तर मरव्याचाच कुणीतरी! बारा डॉलर दिलेत? मंडईत गजऱ्यात फुकट माळून देतात.” मी शोधून पाहिलं. मरवा आणि ओरेगॅनो खरोखरच ओरिगॅनम या एकाच प्रजातीतले. झालं! नातं जुळलं म्हटल्यावर आई मागे हटते थोडीच?

सकाळी तांदळाचं धुवण, दुपारी चहाचा चोथा, संध्याकाळी कांद्याच्या सालींचं पाणी. रोप आधी उंच, लुकडं झालं, मग मलूल पडलं.

“तहानलंय बिचारं,” आई म्हणाली.

“आई, पाणी जास्त झाल्यानेच मान टाकलीय त्याने. मुळं कुजतायत.”

“पाणी पिऊन कुणी कुजतं का रे? मुक्या जिवाला उपाशी ठेवता, वर मला शिकवता!”

मी तांब्या लपवला. तिने कुकरचं भांडं घेतलं. (बायको या काळात कमालीची तटस्थ होती. रोप तिनेच आणलं होतं, हे इथे नमूद करतो.) गणपती येईपर्यंत बुंधा काळा पडला आणि गौरींच्या दिवशी रोपाने राम म्हटला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

ऑक्टोबरात एसीच्या मशीनमागे हरवलेला चिमटा शोधत होतो. तिथे खडीत, ऐन उन्हात, ती भिरकावलेली काडी चांगली वीतभर पसरली होती. गुलाबी मुंडावळ्या बांधून! मी सगळ्यांना हाका मारल्या.

आई वाकून बघत राहिली. “याला पाणी कोण घालतं?”

“कोणीच नाही!” मी विजयाने म्हणालो.

“अगंबाई!” म्हणत आई लगबगीने आत वळली. पाठोपाठ स्वयंपाकघरात नळ सुरू झाल्याचा आवाज आला.